पियानोचा स्वाध्याय : उघडलेली मूठ

विद्या कोणाच्या हाती असावी, हा प्रश्न आपल्या समाजाला नवा नाही. शिकविताना आपण आचार्याची मूठ झाकून ठेवली नाही, असे तथागतांनी आनंदाला सांगितल्याचे महापरिनिब्बान सुत्तात आले आहे. संगीताच्या विद्येत मात्र ही मूठ दीर्घकाळ झाकलेली राहिली. ज्याला गुरू लाभला तो शिकला; ज्याला लाभला नाही तो ऐकत राहिला. छापील, क्रमबद्ध अभ्यासक्रमाने ही मूठ बरीच उघडली. पियानो हे त्याचे उत्तम उदाहरण आहे.

इसवी सन 1700 च्या सुमारास इटलीतील फ्लॉरेन्स येथे बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरी याने हे वाद्य घडविले. पट्टी दाबताच आतील हातोडी तारेवर आघात करते. बोटाचा वेग कमीअधिक झाला की आवाज लहानमोठा होतो. अशा वाद्यांवर बोटे कशी चालवावीत, हे ज्ञान पुढे ग्रंथांत उतरले. फ्रान्समधील फ्रांस्वा कुपरँ याने 1716 मध्ये, तर जर्मनीतील कार्ल फिलिप इमानुएल बाख याने 1753 मध्ये असे ग्रंथ प्रसिद्ध केले. विसाव्या शतकात हंगेरीच्या बेला बार्तोक यांनी ‘मिक्रोकॉसमॉस’ या सहा भागांत 153 रचना सोप्याकडून कठिणाकडे रचल्या. हे बार्तोक खेडोपाडी फिरून शेतकऱ्यांची गाणी ध्वनिमुद्रित करणारे संशोधकही होते, ही गोष्ट आपण विशेष लक्षात ठेवावी.

घरी शिकणाऱ्यास अभ्यासक्रम मुख्यतः एक गोष्ट देतो : क्रम. ‘मिक्रोकॉसमॉस’च्या आरंभीच्या पाठांत दोन्ही हात एकच सूर वाजवितात, दोघांना वेगळे काम पुढे मिळते. एका वेळी एकच नवी अडचण, हे या शिक्षणाचे सूत्र आहे. आवडते गाणे आधी वाजविण्याच्या घाईत पाने उलटली, की हे सूत्र तुटते.

भीमगीतांच्या गायन पार्ट्यांमुळे आपल्या वस्त्यांना पेटी परिचित आहे. पेटी येत असेल त्याला पियानोच्या पट्ट्या ओळखता येतील. पूर्ण पियानोवर 88 पट्ट्या असतात : 52 पांढऱ्या, 36 काळ्या. दोन काळ्यांच्या जोडीच्या लगत डावीकडची पांढरी पट्टी म्हणजे ‘सी’, आपली ‘पांढरी एक’. परंतु पेटीवर एक हात भात्यावर असतो. येथे दोन्ही हात वाजवितात. अंगठा 1 ते करंगळी 5 असे बोटांचे क्रमांक दोन्ही हातांना सारखेच असतात. पाठ प्रथम उजव्या हाताने, मग डाव्या हाताने, नंतर दोन्ही हातांनी, मोठ्याने मात्रा मोजत, संथ लयीत वाजवावा. अडखळते तेवढाच तुकडा पुन्हा घ्यावा. साधा विजेचा कीबोर्डही आरंभाला चालतो. मात्र दाबानुसार आवाज बदलणारा असावा.

आता पुस्तक काय देऊ शकत नाही, तेही स्पष्ट पाहिले पाहिजे. चूक झाली असे पुस्तक सांगत नाही. गुरूचा तो कान विद्यार्थ्याने स्वतःच व्हावयाचे असते. आपले वादन मोबाईलवर ध्वनिमुद्रित करावे आणि दुसऱ्या दिवशी समोर पाठ ठेवून ऐकावे. वाजविताना न जाणवलेली लयीची ओढाताण ऐकताना लगेच उघडी पडते. वर्षातून दोनचार वेळा एखाद्या जाणकाराला ऐकविता आले तर अधिक चांगले; मनगट आखडते आहे, हे दुसऱ्याच्या डोळ्यांना लवकर दिसते.

किती सराव करावा? अतिश्रमाने पाय रक्तबंबाळ झालेल्या सोण भिक्खूला तथागतांनी वीणेचाच दाखला दिला होता : तार फार ताणलेलीही नको, सैलही नको. रविवारी चार तास बसण्यापेक्षा रोज अर्धा तास हितकर.

बाबासाहेबांनी राजकारणाच्या आणि ग्रंथलेखनाच्या धकाधकीत, उतारवयात व्हायोलिन शिकावयास घेतले होते. ‘हे आपल्यासाठी नाही’ आणि ‘आता वय झाले’ या दोन्ही समजुतींना ते उत्तर आहे. माजी विद्यार्थ्यांनी ते स्वतःपुरते ध्यानी घ्यावे. पालकांनी घरातल्या मुलीच्या हाती एखादे वाद्य आणि पहिल्या पाठाचे पुस्तक एकत्र द्यावे. मूठ उघडली आहे. आतील विद्या रोज थोडी थोडी उचलणे आपल्या हाती आहे.

जय भीम! नमो बुद्धाय!