बाजारातले लिटर, गोठ्यातले लिटर

गाईनं पान्हा चोरला की पहिला दोष धार काढणारीच्या हातावर येतो. "तुमचा हात तिला मानवत नसेल, वैनी," असं ज्या माणसानं आम्हाला ती गाय विकली तोच फोनवर म्हणाला. लग्नाआधीपासून मी धारा काढतेय. देवणी, म्हैस, संकरित, सगळ्यांखाली बसले आहे. तेव्हा हे लिहिणं थोडं त्याला उत्तर आहे, आणि बाकीचं आमच्या जालना जिल्ह्यातल्या बदनापूर, भोकरदन, जाफराबादकडच्या ज्या घरांत यंदा गाय घ्यायचं चाललंय त्यांच्यासाठी.

हिवाळ्यात नगरकडच्या बाजारातून आणलेली ती एचएफ गाय दुसऱ्या वेताची, ताजी व्यालेली, दिवसाला अठरा लिटरची, असं सांगितलं होतं. संध्याकाळची आणि सकाळची, दोन्ही धारा समोर काढून दाखवल्या. बादली भरली हे मी नाकारत नाही. पण मी विचारलं होतं, वासरू कुठाय? "मागच्या गाडीत येतंय." हे उत्तर त्यानं मला नाही दिलं, आमच्या यांच्याकडं बघून दिलं. धारेआधी त्याचा पोरगा गाईच्या मानेपाशी जाऊन आला. मुठीत काय आहे, तर म्हणे कॅल्शियम. मी म्हटलं, आता एक धार मी काढते. त्यावर बापलेक दोघं हसले, "बाईमाणसानं कशाला त्रास घ्यायचा" म्हणाले, आणि बोलणं पैशांवर नेलं. सोबत आलेल्या आमच्या दोन शहाण्यांनीही मलाच गप्प केलं.

घरी आणल्यावर पहिल्याच संध्याकाळी कळलं. कास दगडासारखी ताठ, आणि दूध येईना. कोमट पाण्यानं कास धुतली, पेंड पुढं ठेवली, हळूहळू सड चोळले. दोन-अडीच लिटर आलं आणि सड कोरडे. गाय मागं वळून बघायची आणि लाथ झाडायची. गाडीचा शीण असेल म्हणून दोन दिवस सोडून दिले. मग तालुक्याच्या दवाखान्यातले डॉक्टर आले. त्यांनी कासेला हात लावायच्या आधी मानेवरून हात फिरवला आणि माझा हात धरून तिथंच ठेवला. केसांखाली एका ओळीत बारीक गाठी, ज्वारीच्या दाण्याएवढ्या, काही त्याहून मोठ्या. एक अजून ओली होती. "रोज दोनदा टोचलंय," ते म्हणाले. त्या गाठी बोटांखाली आल्या तेव्हा मला पैशांचं काही वाटलं नाही. त्या पोराची बंद मूठ आठवली, आणि माझ्या प्रश्नावरचं ते हसू.

ते इंजेक्शन ऑक्सिटोसिनचं. हे संप्रेरक गाईच्या स्वतःच्या मेंदूखालच्या ग्रंथीतून सुटतं: वासरानं ढुशी दिली, कास चोळली, ओळखीच्या बादलीचा आवाज आला की रक्तातून कासेत पोचतं आणि दुधाच्या बारीक पिशव्यांभोवतीचे स्नायू आवळतं. त्यालाच आपण पान्हा म्हणतो. कासेतलं बहुतेक दूध या पिशव्यांत असतं, सडाच्या वरच्या टाकीत थोडंच. म्हणून पान्हा नसला की दोन-अडीच लिटरवर काम थांबतं. एक मात्र पक्कं लक्षात ठेवा. ऑक्सिटोसिन दूध तयार करत नाही. असलेलं बाहेर काढतं, एवढंच. दूध तयार व्हायला चारा, पाणी, रक्त आणि प्रोलॅक्टिन, वाढीचं संप्रेरक, थायरॉइड हे सगळं शरीरात नीट चालावं लागतं. सुईचा असर काही मिनिटांचा. पण रोज टोचलं की गाय सुईशिवाय पान्हा सोडेनाशी होते. उलट भीती वाटली किंवा मार बसला की अ‍ॅड्रेनॅलिन सुटतं आणि तेच पान्हा अडवतं. धारेच्या वेळी गोठ्यात आरडाओरडा करणाऱ्या आमच्या घरातल्या पुरुषांना हे मी आता छातीठोकपणे सांगते.

दूध वाढवायला जनावराच्या आरोग्याला अपायकारक इंजेक्शन देणं १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम १२ खाली गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. हे मी त्या विकणाऱ्याला फोनवर सांगितलं. आधी म्हणाला, माझ्या गाईत दोष नाही. मग तुमच्या पाण्यात दोष. मग माझा हात. शेवटी, "घेताना डोळे उघडे होते ना?" त्यानंतर फोन उचललाच नाही. वासरू तर आलंच नाही.

सुई बंदच ठेवली. डॉक्टरांनी सांगितलं तसं ठरलेली वेळ, एकच माणूस, एकच जागा, पुढं थोडं खाद्य. कैक दिवस कमी दूध सोसलं, कास सुजू नये म्हणून दर धारेनंतर सड औषधाच्या पाण्यात बुडवले. हळूहळू तिनं पान्हा सोडला. अकरा-बारा लिटरवर आली. तिचं खरं दूध ते. माझ्याच हाताला दिलं, हे इथं लिहून ठेवते.

आणि मग आपला उन्हाळा लागला. एचएफ मूळची हॉलंडच्या थंड प्रदेशातली. तिला पाच ते पंचवीस अंशांत सुख. तापमान आणि हवेतला ओलावा यांचा मिळून एक निर्देशांक काढतात. तो ७२ च्या वर गेला की दुधाळ एचएफला ताण सुरू होतो. २५ अंश आणि ५० टक्के ओलाव्यालाच तो ७२ जवळ जातो. मे महिन्यात ४० अंश आणि २० टक्के ओलावा धरला तर ८४. आणि पावसाळ्यात ऊन पडलेल्या दिवशी ३० अंश, ७५ टक्के ओलावा असेल तर ८२. म्हणजे सप्टेंबरात हवा बरी वाटते म्हणून गाईकडं दुर्लक्ष करू नका. हिवाळ्यातल्या बाजारातले लिटर तर आपल्या मेशी जोडायचेच नाहीत.

रवंथ करताना, चारा पोटात आंबताना उष्णता होते. म्हणून तापलेली गाय आधी खाणं कमी करते. थायरॉइडचा स्राव मंदावतो, रक्त कासेकडं कमी आणि कातडीकडं जास्त जातं. दूध घटतं ते इथं. थर्मामीटर नसला तरी बरगडीची हालचाल मोजा: मिनिटाला साठच्या वर श्वास गेले की ताण आहे. तोंड उघडून लाळ गाळत असेल तर उशीर झालाय. १९६२ या नंबरवर फोन करा, पशुवैद्यकाची गाडी येते.

आम्ही पत्र्यांवर पऱ्हाट्या आणि उसाचं पाचट टाकलं, बाहेरून पांढरा चुना मारला, पश्चिमेला ओलं गोणपाट टांगलं. सगळ्यात जास्त फरक पडला तो खाऊ घालायच्या वेळेनं: कडबा, वैरण रात्री आणि पहाटे, दुपारी फक्त थोडं हिरवं. पाणी दिवसभर समोर. दुभत्या गाईला उन्हाळ्यात ऐंशी-शंभर लिटर लागतं, आणि ते सावलीतलं हवं. ज्या जिल्ह्यानं २०१२-१३ च्या दुष्काळात जनावरं छावणीत नेली आणि मोसंबीच्या बागा वाळताना पाहिल्या, तिथं गाय घेण्याआधी विहिरीचं मे महिन्यातलं पाणी बघायला हवं. म्हशीचं कातडं काळं आणि घर्मग्रंथी कमी, तिला तर अंगावर पाणी हवंच.

खाद्याचं सगळ्यांना माहीत असतं असं म्हणतात, पण करत कुणी नाही. दोन-अडीच लिटर दुधामागं एक किलो खुराक, वर शरीरासाठी एक-दीड किलो, रोज पन्नास ग्रॅम खनिज मिश्रण. अंबड-घनसावंगीच्या कालव्याखालच्या पट्ट्यात नुसतं उसाचं वाढं घालतात. त्यातलं ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं. वाढं थोडंच, आणि सोबत खनिज मिश्रण द्या. सरकी पेंड घेताना हातात चुरून, वास घेऊन बघा; बुरशीची अजिबात नको. दूध वाढावं म्हणून एकदम पीठ-पेंड वाढवली तर पोट आंबतं आणि फॅट उतरतं. केंद्रावर ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफच्या खाली गेलं की भाव कापतात, आणि उन्हाळ्यात वैरण कमी खाल्ल्यानं फॅट आधीच उतरलेलं असतं. मक्याचा मुरघास पावसाळ्यातच करून ठेवा. खरपुडी आणि बदनापूरच्या कृषी विज्ञान केंद्रांत त्याची माहिती मिळते.

उन्हाचा दुसरा फटका दिसायला उशीर लागतो. माज मुका होतो. गाय दिवसा काही दाखवत नाही, म्हणून पहाटे आणि रात्री उशिरा गोठ्यात चक्कर हवी. माज चुकला म्हणजे एकवीस दिवस गेले. भाकड काळात, म्हणजे विण्याआधीच्या दोन महिन्यांत, गाय तापली तर वासरू हलकं जन्मतं आणि पुढच्या वेताचं दूधही कमी येतं. दूध देत नाही म्हणून भाकड गाईला उन्हात बांधणारे मी आमच्याच गल्लीत पाहते. कालवडींचंही तसंच: संकरित कालवड अडीचशे किलोच्या आसपास भरल्याशिवाय रेतन करू नये, आणि खाणं तुटलं की हे वजन कित्येक महिने लांबतं.

देवणी किंवा लाल कंधारी घ्या असं सांगणारे भेटतील. ऊन त्या सोसतात, हे खरं. पण दूध तीन-चार लिटर. केंद्रावर घालून कर्ज फेडायचं असेल तर तो हिशेब बसत नाही. मी स्वतः आता घेईन तर पूर्ण एचएफ रक्ताची नाही, निम्म्या रक्ताची, आणि शक्यतो मराठवाड्यातच वाढलेली.

घ्यायचीच तर मार्च-एप्रिलमध्ये बघायला जा, दुपारी. वासरू समोर नसेल तर भाव सांगू नका. मानेवरून आणि पुठ्ठ्यावरून हात फिरवा. कानातल्या बिल्ल्याचा बारा आकडी नंबर, वेत, विण्याची तारीख आणि रोजचं दूध चिठ्ठीवर लिहून त्याची सही घ्या. आम्हाला गाय विकणाऱ्यानं सही द्यायला "आमच्यात शब्दाला किंमत असते" म्हणून नकार दिला होता. सलग तीन धारा बघा. मधल्या काळात गाईपाशी घरचं माणूस ठेवा, धारेआधी तासभर दुसऱ्या कुणाला जवळ जाऊ देऊ नका. तिसरी धार तुमच्या घरात जी बाई रोज गोठा बघते तिनं काढावी. विकणारा याला तयार नसेल तर दुसऱ्या दावणीकडं जा.