दहा बाय पंधराच्या हॉलमधला सराऊंड

होम थिएटरचं कोटेशन मागवलं की त्यात स्पीकरची संख्या असते, वॉट असतात, रिसीव्हरचं मॉडेल असतं आणि शेवटी वायरिंगचा एक ठोक आकडा. हॉलची लांबी-रुंदी त्यात कुठेच नसते, सोफा कुठे आहे याची चौकशीही नसते. माल मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून घ्या, पुण्याच्या तपकीर गल्लीतून घ्या किंवा घरबसल्या मागवा, विकला जातो तो आकड्यांवरच: पाचाचे सात, साताचे अकरा. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. शहरातल्या फ्लॅटमध्ये सराऊंडचा निकाल आधी खोली लावते, मग बसायची जागा, मग स्पीकरची मांडणी. स्पीकर किती आणि केवढ्याचे, हा प्रश्न त्यानंतरचा. भरपूर खर्च करूनही ‘बाँब फुटला की भांडी वाजतात, पण हिरो काय बोलला ते कळत नाही’ अशी तक्रार ज्या घरात असते, तिथे यंत्रात सहसा काहीच खोट नसते.

आधी खोलीचं बघू. १८९५ मध्ये हार्वर्ड विद्यापीठाच्या फॉग संग्रहालयातलं नवंकोरं व्याख्यानगृह निकामी ठरलं होतं. उच्चारलेला शब्द तिथे साडेपाच सेकंदांच्या आसपास घुमत राही. वॉलेस सॅबाइन या तरुण प्राध्यापकाकडे ते काम आलं. शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या रात्री उचलून आणायच्या, ऑर्गनची एक नळी वाजवायची आणि घड्याळ लावून घुमण्याचा काळ मोजायचा, असं करत त्यानं खोलीचं आकारमान आणि आवाज शोषून घेणारा पृष्ठभाग यांचं गणित बसवलं. तेच गणित आपल्या हॉलला लावून पाहा. दहा फूट रुंद, पंधरा फूट लांब, साडेनऊ फूट उंच. खाली व्हिट्रिफाइड टाइल्स, चारही बाजूंना प्लास्टर, वर पीओपी. मोकळ्या हॉलचं उत्तर दीड-दोन सेकंदांच्या घरात येतं. गाद्यांचा सोफा, जाड गालिचा, दुपदरी पडदे आणि पुस्तकांनी भरलेलं कपाट आलं की तेच अर्ध्या सेकंदाच्या आसपास उतरतं. संवाद कळावेत यासाठी हा फरक कुठल्याही महागड्या स्पीकरपेक्षा मोठा आहे, कारण घुमणाऱ्या खोलीत एका शब्दाची शेपटी पुढच्या शब्दावर पडते. स्पीकर कितीही चांगला असला तरी ती शेपटी त्याला कापता येत नाही. हॉलच्या मध्यावर उभं राहून एक टाळी वाजवा. टाळीमागून ‘झिन्न’ असा बारीक झणत्कार आला, तर समोरासमोरच्या दोन उघड्या भिंती आवाज एकमेकींकडे टोलवताहेत. पहिला खर्च तिथे करावा. गालिचा आणि पडदे कोटेशनमध्ये नसतात, म्हणून ते ‘साऊंड’मध्ये धरले जात नाहीत, एवढंच.

खर्जाची गोष्ट जरा वेगळी आहे. गालिच्यानं तो आटोक्यात येत नाही. दोन समांतर भिंतींमध्ये जी ध्वनिलहर नेमकी बसते ती खोली फुगवून दाखवते. पंधरा फुटांच्या लांबीला ही वारंवारता ३७-३८ हर्ट्झ येते, दहा फुटांच्या रुंदीला ५६ आणि साडेनऊ फुटांच्या उंचीला ५९. शेवटचे दोन आकडे जवळजवळ एकच आहेत. म्हणजे आपल्याकडच्या नेहमीच्या हॉलमध्ये रुंदी आणि उंची मिळून एकाच पट्ट्याला फुगवतात, आणि स्फोट, ढोल, ट्रकचं इंजिन असं सगळं एकसारखं ‘बुम्म’ वाजतं. त्यातून सोफा मागच्या भिंतीला टेकवलेला. या लहरींचा दाब भिंतीशी सर्वांत जास्त असतो, तेव्हा तिथे बसणाऱ्याच्या कानावर प्रत्येक फुगवटा पुरेपूर येतो. याउलट खोलीच्या बरोब्बर मध्यावर त्यातली पहिली लहर जवळपास शून्य होते आणि तिथे बसणारा म्हणतो, सबवूफर चालू तरी आहे का? जागा या दोन टोकांच्या मध्ये शोधावी लागते. सबवूफरसाठी एक जुनी युक्ती आहे आणि ती फुकट आहे. सबवूफर तात्पुरता सोफ्यावर, आपल्या बसायच्या जागी ठेवा, खर्जाचा एखादा तुकडा सतत वाजवत ठेवा आणि आपण गुडघ्यांवर भिंतीकडेनं रांगत फिरा. जिथे खर्ज सुटा आणि सारखा ऐकू येतो तिथे सबवूफरची कायमची जागा. घरचे हसतील, हसू द्यावं.

यावर ठरलेला आक्षेप असा की आता रिसीव्हरबरोबर माइक येतो, तो खोली मोजतो आणि सगळं आपोआप दुरुस्त करतो. काही अंशी हे खरं आहे. फुगलेली वारंवारता तो खाली आणू शकतो. पण जिथे थेट आलेली लहर आणि परतलेली लहर एकमेकींना खोडतात, तिथे पडलेला खड्डा त्याला भरता येत नाही, कारण आवाज वाढवला की परतणारी लहरही तेवढीच वाढते आणि खड्डा तसाच राहतो. शिवाय १० डेसिबल वाढवायचे तर अँप्लिफायरला दहापट ताकद लावावी लागते. मोजणीतही हयगय चालते: माइक सोफ्याच्या पाठीवर ठेवलेला, डोक्यावर पंखा भरधाव, स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी. माइक तिपाईवर, बसलेल्या माणसाच्या कानाच्या उंचीवर, पाठीच्या गादीपासून मोकळा हवा. पंखा आणि एसी दोन्ही बंद. मोजणी झाल्यावर रिसीव्हरनं लिहिलेली अंतरं एकदा टेपनं ताडून पाहावीत. सबवूफरचं अंतर खऱ्यापेक्षा जास्त दिसलं तर ते राहू द्यावं, त्याच्या आतल्या सर्किटला लागणारा वेळ त्यात धरलेला असतो. बाकीच्यांत चार-पाच फुटांचा फरक आला, तर मोजणी परत करावी.

मांडणीचा नियम कोणी दुकानदारानं केलेला नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या शिफारशीत पाच स्पीकरच्या जागा दिल्या आहेत: मधला बरोबर समोर, डावा-उजवा तीस-तीस अंशांवर, आणि सराऊंडचे दोन शंभर ते एकशेवीस अंशांवर, म्हणजे कानाच्या किंचित मागे. ‘मागे’ म्हटलं की लोक ते थेट पाठीमागच्या कोपऱ्यांत छताला टांगतात, हा फार प्रचलित घोळ आहे. दुसरा घोळ मधल्या स्पीकरचा. चित्रपटाचे बहुतेक संवाद त्याच्याकडे असतात आणि नेमका तोच टीव्ही युनिटच्या खालच्या कप्प्यात, सेट-टॉप बॉक्सच्या शेजारी, आत ढकललेला असतो. कप्प्याची फळी आवाज खाते आणि उरलेला गुडघ्यांवर पाठवते. त्याला फळीच्या कडेपर्यंत पुढे ओढा आणि पुढच्या बाजूला रबराचे दोन तुकडे घालून तोंड कानाकडे उचला; निम्म्या घरांतली संवादांची तक्रार एवढ्यावर मिटावी.

‘पण आमच्या हॉलमध्ये असे अंश बसणार कसे?’ हा प्रश्न रास्त आहे. एका बाजूला बाल्कनीचं दार, दुसरीकडे स्वयंपाकघराकडे जायची वाट, सोफा भिंतीला. अशा वेळी शक्य असेल तर हॉल लांबीच्या दिशेनं वापरावा: टीव्ही दहा फुटांच्या भिंतीवर, बसायची जागा त्यापासून नऊ-दहा फुटांवर, मागे डायनिंग टेबल. डावा-उजवा एकमेकांपासून सात फुटांवर ठेवले तरी कोन वीस-एकवीस अंशांचा पडतो आणि तो चालतो. हे जमणारच नसेल तर माझा सल्ला सरळ आहे, मागचे स्पीकर घेऊ नका. समोर तीन आणि एक सबवूफर एवढंच घ्या आणि वाचलेले पैसे त्या तिघांत घाला. मग सराऊंडची मजा काय राहिली, असं कोणी विचारेल. १९७५ मध्ये ‘शोले’ सत्तर मिलिमीटरच्या पडद्यावर सहा ट्रॅकच्या ध्वनीसह आला. त्या प्रकारच्या मांडणीत साधारणतः पाच चॅनेल पडद्यामागे असत आणि प्रेक्षागृहासाठी एकच. आजही कथेचं ओझं समोरचे स्पीकरच वाहतात. पाऊस, गर्दी, डोक्यावरून जाणारं विमान एवढंच मागे जातं. शिवाय एकच आवाज दोन ठिकाणांहून आला, तर जो आधी पोचतो त्याच्याच दिशेचा तो वाटतो, हे हेल्मुट हास यानं १९४९ च्या सुमाराला प्रयोगानं दाखवलं. दोन फुटांवर, कानाशी आलेला मागचा स्पीकर म्हणूनच सगळं चित्र स्वतःकडे खेचतो. साऊंडबारलाही माझा विरोध नाही. लहान हॉलमध्ये चुकीच्या मांडणीच्या पाच स्पीकरपेक्षा चांगला साऊंडबार बरा. फक्त त्याच्याकडून पाठीमागचा आवाज मागू नये.

वॉटबद्दल थोडक्यात. पन्नासाचे शंभर वॉट केले तर वाढ होते ३ डेसिबलची, म्हणजे कानाला जेमतेम जाणवेल एवढी. रिसीव्हरवर लिहिलेले वॉट बहुधा दोनच चॅनेल चालवून मोजलेले असतात. आणि खोक्यावर ‘पीएमपीओ’ असा फुगवलेला आकडा दिसला तर तो वाचूच नये.

वायरिंगमध्ये मात्र फसवणूक खरीच होते. तांब्याच्या भावात तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची वायर सर्रास खपवली जाते. अॅल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपास. एक तार ब्लेडनं खरवडावी, आतून पांढरी निघाली की ओळखावं. फ्लॅटमधल्या अंतरांना दीड चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर पुरते. लाल-काळ्याची अदलाबदल एका जरी स्पीकरला झाली तरी खर्ज पातळ होतो आणि आवाजाची जागा ठरत नाही. शंका आल्यास रिसीव्हरकडची टोकं सोडवून त्यांना क्षणभर पेन्सिल सेल लावावा, लाल टोकाला धन असेल तर वूफरचा पडदा बाहेर येतो. शेवटची गाठ टीव्हीच्या सेटिंगमध्ये असते. रिसीव्हरकडे जाणारी एचडीएमआय केबल टीव्हीच्या एआरसी किंवा ई-एआरसी लिहिलेल्या खाचेत हवी आणि टीव्हीचा ऑडिओ ‘पीसीएम’वर न राहता ‘पास-थ्रू’ किंवा ‘बिटस्ट्रीम’वर. रिसीव्हरच्या पट्टीवर डॉल्बीचं नाव उमटतंय की नुसतं ‘स्टिरिओ’, ते पाहावं. पाच स्पीकर बसवून दोनच चॅनेल ऐकणं असं सहज घडतं.

शेजाऱ्यांचा विचार रसभंग वाटेल, पण खर्ज स्लॅबमधून जातो आणि त्याला गालिचा किंवा बंद दार अडवत नाही. सन २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा आवाजाची मर्यादा ४५ डेसिबलची आहे. सबवूफरखाली जाड रबर किंवा फोम घातला तर स्लॅबला जाणारा हादरा थोडा कमी होतो. रिसीव्हरमधला ‘नाइट मोड’ त्याहून कामाचा, कारण तो स्फोट दाबतो आणि कुजबुज वर आणतो.

राहिला डॉल्बी अॅटमॉसचा, म्हणजे डोक्यावरूनही आवाज देणाऱ्या तंत्राचा प्रश्न. २०१२ मध्ये चित्रपटगृहात आणि २०१४ पासून घरांत आलेलं हे तंत्र चांगलं आहे यात वाद नाही. पण साडेनऊ फुटांच्या हॉलमध्ये फॉल्स सीलिंग केल्यावर कानापासून छतातल्या स्पीकरचं अंतर पाच फुटांच्या आसपास उरतं, आणि वरून येणाऱ्या पावसाऐवजी डोक्यावरचा डबाच ऐकू येऊ लागतो. तरीही पुढे कधी हौस वाटेल असं असेल, तर स्पीकर आज घेऊ नका. पीओपीवाला यायच्या आधी बसायच्या जागेच्या किंचित पुढे दोन ठिकाणी रिकामे पाइप टाकून घ्या, त्यांत ओढायची दोरी सोडा, आणि विजेच्या पाइपापासून ते फूटभर लांब ठेवायला इलेक्ट्रिशियनला आधीच सांगा.