घटक ६ : संघाची किंमत (अर्थविषयक मराठी लेखनाचे वाचन)

६.१ उद्दिष्टे

या घटकाच्या अभ्यासानंतर तुम्हाला 'किंमत', 'मूल्य', 'उत्पन्न' व 'नफा' या शब्दांतील भेद उदाहरणांसह सांगता येईल. व्यावसायिक क्रीडासंघाला हजारो कोटी रुपयांचा भाव का येतो, याची कारणमीमांसा करता येईल. वृत्तपत्रातील आर्थिक मजकुरात लक्षणेचा वापर कसा होतो, हेही ओळखता येईल.

६.२ प्रास्ताविक

विद्यार्थी मित्रहो, सांगलीच्या मार्केट यार्डातील हळदीचे सौदे तुमच्यापैकी काहींनी पाहिले असतील. व्यापारी नमुना हातात घेतो, कांडी मोडून पाहतो आणि भाव बोलतो. या बोललेल्या भावाला आपण 'बोली' म्हणतो. भाषाविज्ञानाच्या घटकात हाच शब्द आपण माणदेशी बोली, कोकणी बोली अशा अर्थाने अभ्यासला. दोन्ही अर्थांच्या मुळाशी 'बोल' हा एकच धातू आहे. लिलावात वस्तूचा भाव आधीपासून कोठे लिहून ठेवलेला नसतो. कोणी तरी तो उच्चारतो तेव्हा तो अस्तित्वात येतो.

२४ जानेवारी २००८ रोजी मुंबईत इंडियन प्रीमियर लीगच्या आठ संघांसाठी अशाच बोली आल्या. फरक इतकाच, की त्या तोंडी नव्हत्या, बंद पाकिटांत होत्या. मुंबईच्या संघासाठी ११ कोटी १९ लाख डॉलरची, म्हणजे त्या वेळच्या दराने सुमारे ४४० कोटी रुपयांची सर्वोच्च बोली लागली आणि ही रक्कम दहा वर्षांच्या हप्त्यांनी द्यायची होती. ऑक्टोबर २०२१ मध्ये दोन नवे संघ विक्रीस निघाले, तेव्हा लखनौच्या संघाला ७,०९० कोटी आणि अहमदाबादच्या संघाला ५,६२५ कोटी रुपये मिळाले. त्या दिवशी या संघांकडे एकही खेळाडू नव्हता. संघाचे नावसुद्धा ठरलेले नव्हते!

संपर्कसत्रात खटाव तालुक्यातील एका विद्यार्थ्याने मला विचारले होते, "सर, मग त्यांनी विकत घेतले तरी नक्की काय?" हा घटक त्या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न आहे.

६.३ विषय-विवेचन

६.३.१ विकत घेतले ते काय?

प्रथम काय घेतले नाही ते पाहू. मैदान घेतले नाही. वानखेडे स्टेडियम मुंबई क्रिकेट असोसिएशनचे आहे, मुंबई इंडियन्सचे नाही. खेळाडू कायमचे घेतले नाहीत. त्यांचे करार मुदतीचे असतात आणि ठरावीक वर्षांनी मोठा लिलाव होऊन बहुतेक खेळाडू पुन्हा बाजारात येतात. कारखान्याप्रमाणे यंत्रसामग्री नाही, गोदामात माल नाही.

घेतली ती जागा. दहा खुर्च्यांच्या पंगतीतील एक खुर्ची.

आपल्या भागातील उदाहरणाने हे लवकर समजेल. महाराष्ट्रात दोन साखर कारखान्यांमध्ये किमान २५ किलोमीटरचे हवाई अंतर असावे, असा नियम आहे. कृष्णाकाठी ऊस भरपूर आहे आणि भांडवल घेऊन उभे असलेले लोकही आहेत. तरीही कोणालाही वाटेल तेथे कारखाना काढता येत नाही. त्यामुळे असलेल्या कारखान्याची किंमत त्याच्या गव्हाणी, बॉयलर आणि जमिनीच्या बेरजेपेक्षा अधिक असते. त्या बेरजेत न दिसणारी गोष्ट म्हणजे परवाना. क्रीडासंघाचेही असेच आहे. लीगमध्ये किती संघ असतील आणि कोणत्या शहराच्या नावाने असतील, हे भारतीय क्रिकेट नियामक मंडळ ठरवते. तुमच्याकडे कितीही पैसा असो, उद्या साताऱ्याचा संघ काढून तुम्ही आयपीएलमध्ये उतरू शकत नाही. विकणारा एक, जागा दहा आणि घेऊ इच्छिणारे धनिक पुष्कळ, अशी स्थिती असल्यावर भाव चढणारच.

अमेरिकेतील बेसबॉलचा इतिहास या बाबतीत बोलका आहे. तेथे १९०१ पासून १९६० पर्यंत दोन प्रमुख लीगमध्ये मिळून सोळाच संघ होते. देशाची लोकसंख्या या काळात दुपटीहून अधिक झाली, परंतु जागा वाढल्या नाहीत. १९६१ मध्ये पहिली वाढ झाली आणि आज तीस संघ आहेत. १९२२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने मक्तेदारीविरोधी कायदा बेसबॉलला लागू होत नाही, असा निर्णय दिला. दार आतून बंद करण्याचा हक्क त्या धंद्याला जणू कायद्याने मिळाला. न्यूयॉर्क यांकीज हा संघ १९७३ मध्ये सुमारे एक कोटी डॉलरला विकला गेला होता. आज त्याचे मूल्य आठशे कोटी डॉलरच्या वर असल्याचा अंदाज वर्तवला जातो.

येथे 'किंमत' आणि 'मूल्य' यांतील भेद लक्षात घ्या. १९७३ चा आकडा किंमत आहे, कारण पैसे प्रत्यक्ष हातबदल झाले. आजचा आकडा मूल्य आहे, कारण तो कोणी तरी केलेला अंदाज आहे. मराठी वृत्तपत्रे हे दोन्ही शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतात. तुम्ही वापरू नयेत.

६.३.२ पैसा येतो कोठून?

तिकिटांतून येतो, असे बहुतेकांना वाटते. तिकिटांचा वाटा असतो, परंतु मोठा ओघ प्रक्षेपणाच्या हक्कांतून येतो. २०१८ ते २०२२ या पाच वर्षांसाठी आयपीएलचे हक्क १६,३४७.५ कोटी रुपयांना विकले गेले होते. २०२३ ते २०२७ या पाच वर्षांसाठी ४८,३९० कोटी रुपये मिळाले. हे हक्क ४१० सामन्यांसाठी होते; भागाकार करून पाहा, एका सामन्याला ११८ कोटी रुपये पडतात. रक्कम जवळजवळ तिप्पट झाली, मात्र संघांच्या जागा आठावरून दहावरच गेल्या.

आता एक हिशेब मांडू. पाच वर्षांचे ४८,३९० कोटी म्हणजे वर्षाला ९,६७८ कोटी. यातील निम्मे मंडळाकडे राहिले आणि निम्मे दहा संघांत सारखे वाटले, असे केवळ उदाहरणासाठी धरू. प्रत्येक संघाच्या वाट्याला वर्षाला सुमारे ४८४ कोटी येतात. २०२५ च्या हंगामासाठी खेळाडूंच्या लिलावातील खर्चाची कमाल मर्यादा प्रत्येक संघाला १२० कोटी होती. पहिला चेंडू पडण्यापूर्वी, एकही तिकीट विकण्यापूर्वी आणि संघ शेवटच्या क्रमांकावर राहिला तरीही, हा फरक शिल्लक राहतो. प्रवास, प्रशिक्षक, जाहिरात आणि संघखरेदीचे हप्ते यांतून वजा होतात. म्हणून हे 'उत्पन्न' झाले, 'नफा' नव्हे. पण ज्या धंद्यात मुख्य खर्चाला वरून झाकण घातलेले आहे आणि मुख्य उत्पन्न पाच वर्षे आधी ठरलेले आहे, असा धंदा दुसरा दाखवणे कठीण. ऊस लावणाऱ्याला असा करार कोणी देत नाही!

खर्चाच्या मर्यादेचा आणखी एक परिणाम होतो. श्रीमंत मालक सगळे उत्तम खेळाडू गोळा करू शकत नाही, त्यामुळे सामने चुरशीचे राहतात आणि प्रेक्षक टिकतो. प्रतिस्पर्धी दुबळा झाला तर आपलेच नुकसान होते, ही गोष्ट व्यापारात विरळा आढळते. दुकानदार शेजारचे दुकान बंद पडल्याने सुखावतो. संघमालकाला मात्र समोर कोणी तरी उभे लागते.

६.३.३ नावाची लक्षणा

आता आपल्या विषयाकडे, म्हणजे भाषेकडे वळू. 'मुंबई जिंकली' हे वाक्य घ्या. अभिधेने पाहिले तर शहर जिंकत नाही. येथे 'मुंबई' या शब्दाने मुंबईच्या नावाने खेळणारा संघ लक्षित होतो. काव्यशास्त्रात तुम्ही शिकलेली लक्षणा ती हीच. माझे मत असे, की संघमालक ज्यासाठी पैसे मोजतो त्यात या लक्षणेचा वाटा फार मोठा आहे. शहराचे नाव घेतले की त्या शहराविषयीचा अभिमान आयताच मिळतो.

या विधानाची कसोटी आपल्या दारातच आहे. महाराष्ट्र प्रीमियर लीग २०२३ मध्ये सुरू झाली. २०२५ च्या हंगामात तीत 'सातारा वॉरियर्स' हा संघ उतरला. सामने झाले ते पुण्याजवळील गहुंजे येथे. साताऱ्याच्या नावाच्या संघाचा एकही सामना साताऱ्यात झाला नाही, तरी साताऱ्यातील माणसाने 'आपण जिंकलो' असेच म्हटले. या 'आपण'मध्ये बोलणारा कोण आणि ऐकणारा कोण, हे सर्वनामांच्या घटकाच्या आधारे तपासून पाहा.

'विकला गेला' हा प्रयोगही असाच पाहण्यासारखा आहे. 'अमुक खेळाडू अमुक कोटींना विकला गेला', 'अमुक विकलाच गेला नाही' अशी शीर्षके आपण दरवर्षी वाचतो. विकले जाते ते माणसाचे ठरावीक मुदतीचे श्रम, माणूस नव्हे. पुसेगावच्या यात्रेत खिलार खोंडाचा व्यवहार होतो, तेव्हा 'विकला' हा शब्द वाच्यार्थाने योग्य असतो. तोच शब्द माणसाला लावताना लेखकाने क्षणभर थांबावे, असे मला वाटते. 'करारबद्ध झाला' हा पर्याय थोडा कोरडा आहे, पण खरा आहे.

सांगलीच्या स्मृती मानधना यांचे उदाहरण घेऊ. फेब्रुवारी २०२३ मध्ये महिला प्रीमियर लीगच्या पहिल्या लिलावात त्यांना ३ कोटी ४० लाखांची बोली लागली; त्या लिलावातील ती सर्वोच्च होती. ज्या बंगळुरू संघाने ती लावली, तो संघ त्याआधीच्या महिन्यात ९०१ कोटी रुपयांना घेतला गेला होता. हे दोन आकडे एका मापाने मोजता येत नाहीत, कारण एक हंगामाचे मानधन आहे आणि दुसरा अनेक वर्षांच्या हक्काचा मोबदला. तरीही लोक सामना पाहतात तो मानधना यांच्यासाठी, हक्कपत्रासाठी नव्हे. खेळाडू बदलला तरी खुर्ची राहते, म्हणून खुर्चीला अधिक भाव. हे न्याय्य आहे का, याचे उत्तर मी देत नाही. स्वाध्यायात ते तुम्हाला लिहायचे आहे.

६.३.४ कुस्तीला हा भाव का नाही?

सातारा-सांगलीत खेळाचे प्रेम कमी नाही. कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ मध्ये हेलसिंकी येथे स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणले. त्यांच्या प्रवासखर्चासाठी लोकांकडून पैसे गोळा करावे लागले होते. कवठेपिरानचे मारुती माने 'हिंदकेसरी' झाले. कुंडलच्या मैदानाला आजही दूरदूरचे शौकीन येतात. मग एखाद्या तालमीला शे-दोनशे कोटींची किंमत का येत नाही?

प्रेम कमी पडते असे नाही. दार नाही, म्हणून. कोणतेही गाव यात्रेत वर्गणी काढून मैदान भरवू शकते. जोडी लावायला कोणाच्या परवान्याची गरज नाही. लाल मातीत पैलवानाचे आणि वस्तादाचे नाव चालते. संघाचे नाव नसते, म्हणून विकायला कायमची वस्तूही नसते. २०१८ मध्ये झी टॉकीज वाहिनीने पुण्यात बालेवाडीला कुस्तीची संघनिहाय स्पर्धा भरवली होती. तीत 'यशवंत सातारा' नावाचा संघही होता. स्पर्धा रंगली, परंतु दरवर्षीची रीत होऊन बसली नाही. आयपीएलच्या हक्कांना भाव येतो तो उद्याही, परवाही आणि पाच वर्षांनीही सामना होणार, या खात्रीमुळे.

भाव आला म्हणजे टिकतोच, असे मात्र समजू नका. २०१० मध्ये पुण्याच्या आयपीएल संघासाठी ३७ कोटी डॉलरची बोली लागली होती, मुंबईच्या दोन वर्षे आधीच्या बोलीच्या तिपटीहून अधिक. २०१३ मध्ये तो संघ लीगबाहेर गेला. त्याच वेळी विकला गेलेला कोचीचा संघ तर एकच हंगाम खेळला. बोली उच्चारणे सोपे असते. हप्ता दरवर्षी भरावा लागतो.

६.४ पारिभाषिक शब्द

बोली : लिलावात घेणाऱ्याने देऊ केलेला भाव.
निविदा : बंद पाकिटातील लेखी बोली.
प्रक्षेपण-हक्क : सामना दूरचित्रवाणीवर किंवा मोबाइलवर दाखवण्याचा विकत घेतलेला अधिकार.
मक्तेदारी : एखाद्या वस्तूच्या पुरवठ्यावर एकाचेच नियंत्रण असणे.

६.५ स्वाध्याय

१. 'संघाची किंमत' व 'संघाचे मूल्य' या शब्दप्रयोगांतील भेद प्रत्येकी एका वाक्यात उपयोजून दाखवा.
२. कलम ६.३.२ मधील हिशेबात निम्म्याऐवजी चाळीस टक्के रक्कम संघांना मिळते असे धरा आणि प्रत्येक संघाचा वार्षिक वाटा काढा. आलेला निष्कर्ष शंभर शब्दांत लिहा.
३. 'खेळाडूपेक्षा खुर्चीला अधिक भाव मिळणे न्याय्य आहे.' या विधानाची एक बाजू घेऊन तीनशे शब्दांत मांडणी करा. विरुद्ध बाजूचा सर्वांत बळकट मुद्दा टाळू नका.

६.६ क्षेत्रीय कार्य

तुमच्या गावातील यात्रा समितीच्या किंवा कबड्डी मंडळाच्या जुन्या कार्यकर्त्यांना भेटा. वर्गणी कशी जमते, बक्षिसाची रक्कम कोण ठरवते, हिशेब कोणासमोर वाचला जातो, हे विचारा. ते पैशाविषयी बोलताना जे शब्द वापरतात ते जसेच्या तसे टिपून घ्या. प्रमाण मराठीत बदलू नका. ही नोंद पुढील संपर्कसत्रात सोबत आणावी.