चिंधी खिशात असू दे

बाळा, डहाणूच्या खाडीत तू जुनी बोट घेतलीस हे मला कासा नाक्यावरच्या चहावाल्याने सांगितलं. मामाला सगळ्यात शेवटी कळवायची आपल्या घरची रीतच आहे, असो. चारोटीला ट्रकांची इंजिनं खोलण्यात माझं आयुष्य गेलं, आणि तुझ्या बोटीत बसलंय तेही ट्रकाचंच भावंड. फरक इतकाच, की ट्रक बंद पडला तर उतरून चालत घरी येता येतं.

१. सेल्फ मारायच्या आधी ऑइलची पट्टी काढून बघ — इंजिन एकदा फिरलं की तळाचं पाणी तेलात मिसळून लपतं.

२. पट्टी वाचायची ती भरतीला, बोट तरंगत असताना. ओहोटीला बोट चिखलात कुशीवर निजते — तशीच बघून मी एकदा दोन लिटर जास्त ओतलं; भरती आल्यावर क्रँकने तेल घुसळून फेस केला आणि प्रेशरचा काटा खाली बसला. कलत्या भांड्यातलं ताक मापात नसतं.

३. काळं तेल बघून घाबरू नकोस, डिझेल इंजिनाचं तेल काळं होणारच. दुधाच्या चहासारखं दिसलं तर मात्र घाबर — पाणी शिरलंय, बहुधा ऑइल कूलरमधून, नाहीतर हेडच्या पॅकिंगमधून. शंका वाटली तर जुना तवा तापवून एक थेंब टाक. चरचरला तर पाणी आहे. जुना म्हणालो, मामीचा नव्हे. ती चूकही माझी करून झालीय.

४. खारं पाणी शिरलेलं इंजिन रात्रभर तसंच सोडू नकोस. आधी गळती बुजव, मग स्वस्तातलं तेल घालून थोडं चालव आणि काढून टाक, स्वच्छ निघेपर्यंत — मीठ सकाळपर्यंत थांबत नाही.

५. पट्टीवरची पातळी आपोआप वाढली तर खूश होऊ नकोस, वास घे — डिझेल उतरत असेल तर पातळ झालेलं तेल बेअरिंगवर टिकत नाही. फुकट वाढलेलं धन आणि फुकट वाढलेलं तेल, दोन्हींची चौकशी करावी.

६. तेल काढायचं ते इंजिन गरम असताना — गाळ तरंगता असतो, सोबत निघून येतो. चेंबरच्या नटाखाली हात जात नसेल तर पट्टीच्या नळीतून हातपंपाने ओढ.

७. जुना फिल्टर काढलास की त्याची रबरी रिंग त्याच्यासोबत आली का, बोटाने चाचपून बघ — ती इंजिनालाच चिकटून राहिली आणि वर नवी चढली, तर तेल पिचकारीसारखं उडतं. माझं अख्खं चेंबर चिंचणीसमोर रिकामं झालं होतं, आणि रिंग बसवणारा दुसरा कोणी नव्हता. नव्या रिंगला तेलाचं बोट लाव आणि हातानेच आवळ.

८. तो जुना फिल्टर लगेच फेकू नकोस. कापून आतला कागद उन्हात धर, चमचम दिसली तर लोहचुंबक फिरव — चिकटलं तर लोखंड झिजतंय, चिकटलं नाही तर बहुतेक बेअरिंग. दोन्ही बाबतींत मिस्त्रीला बोलव.

९. पावसाळी मासेमारीबंदी १ जून ते ३१ जुलै, म्हणजे ६१ दिवस. तेल मेअखेरीस बदल, ऑगस्टात नव्हे — वापरलेल्या तेलात आम्ल आणि ओल असते, ती रिकामी बसून इंजिनालाच खाते. नवं घातल्यावर पाच मिनिटं चालव, म्हणजे ते सगळीकडे पोचेल.

१०. प्रेशरचा काटा पडला की आधी इंजिन बंद, विचार मागून. नांगर टाकून बस.

११. काढलेलं तेल खाडीत ओतू नकोस, कॅनमध्ये भरून ठेव — त्याच चिखलातल्या चिंबोऱ्या तू रविवारी आमच्याकडे घेऊन येणार आहेस. येताना पट्टी पुसलेली चिंधीही पिशवीत घालून आण. मला वास घेऊन बघायचाय.