घरबसल्या मेंदूचे प्रयोग : महासाथीने दिलेला धडा

जागतिक आरोग्य संघटनेने ११ मार्च २०२० रोजी कोविड-१९ ही जागतिक महासाथ असल्याचे जाहीर केले आणि अनेक देशांतील प्रयोगशाळांना टाळे लागले. मेंदूतील विद्युत्स्पंदने टिपणारी वा मेंदूची चित्रे घेणारी मोठी यंत्रे घरोघर नेणे शक्य नव्हते. परंतु लक्ष, स्मरण, दृष्टी व श्रवण यांविषयीचे पुष्कळ प्रयोग संगणकाच्या पडद्यावर करता येतात. म्हणून संशोधक एका देशात व प्रयोगात भाग घेणारी व्यक्ती दुसऱ्या देशात आपल्या घरी, अशा रीतीने हे कार्य चालू राहिले.

काळाचे मापन

मनोव्यापारांस लागणारा काळ मोजण्याचा पायंडा डच शास्त्रज्ञ डाँडर्स यांनी १८६८ मध्ये घातला. दिवा दिसताच कळ दाबण्यास मनुष्यास सुमारे पाव सेकंद लागतो. दोन कामांतील फरक मात्र पुष्कळदा सेकंदाच्या काही हजारांश भागांचाच असतो. घरगुती पडदा बहुधा सेकंदास ६० वेळा चित्र बदलतो, म्हणजे एक चित्र सुमारे १६.७ मिलिसेकंद टिकते. कळफलकाचा विलंब निराळाच. यास्तव एका व्यक्तीची तुलना दुसरीशी न करता त्याच व्यक्तीच्या, त्याच यंत्रावरील दोन कामांची तुलना करतात. उदाहरणार्थ, ‘लाल’ हा शब्द एकदा तांबड्या व एकदा हिरव्या रंगात दाखवून रंगाचे नाव विचारतात. स्ट्रूप यांनी १९३५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या प्रकारच्या कसोटीत यंत्राचा ठरावीक विलंब दोन्ही बाजूंस सारखाच असल्याने वजाबाकीत निघून जातो.

अंतर व आवाज

पडद्याचा आकार कळावा म्हणून बँकेचे कार्ड पडद्यावर धरून त्याबरहुकूम चौकट लहानमोठी करावयास सांगतात. जगभर या कार्डाची रुंदी ८५.६ मिलिमीटरच असते. डोळ्याचे अंतर काढण्यास अंधबिंदूचा उपयोग होतो. एक डोळा झाकून खुणेकडे पाहताना बाजूचा ठिपका कोठे नाहीसा होतो, यावरून अंतराचे गणित मांडता येते.

कानाला लावण्याचे ध्वनियंत्र खरोखर वापरले आहे काय, हे ओळखण्याचीही युक्ती आहे. तीन स्वरांपैकी सर्वांत मंद कोणता, असे विचारतात. त्यांतील एका स्वराच्या लहरी दोन्ही कानांस परस्परविरुद्ध पाठविलेल्या असतात. उघड्या ध्वनिक्षेपकातून त्या एकमेकींना पुसतात व उत्तर चुकते.

संमती व समन्याय

समोर परीक्षक नसल्याने भाग घेणाऱ्यास सर्व माहिती त्याच्या भाषेत देणे व केव्हाही माघार घेण्याची मुभा ठेवणे अधिकच अगत्याचे ठरते. युरोपीय संघात २५ मे २०१८ पासून लागू असलेल्या नियमांनुसार वैयक्तिक माहिती संघाबाहेर पाठविण्यास बंधने आहेत. याहून गंभीर गोष्ट अशी की, ज्याच्या घरी संगणक वा अखंड वीज नाही, तो अशा अभ्यासातून आपोआप वगळला जातो. मग ठरावीक लोकांवरून काढलेला निष्कर्ष अवघ्या मानवजातीचा म्हणून मांडला जाण्याचा धोका संभवतो.

अंधबिंदूचा प्रयोग शिक्षकांस वर्गात विनाखर्च करता येईल. कागदावर एकमेकांपासून ८ सेंटिमीटरवर दोन खुणा कराव्यात. उजवा डोळा झाकून डाव्या डोळ्याने उजवी खूण न्याहाळीत कागद हळूहळू जवळ आणावा. साधारण ३० ते ३५ सेंटिमीटर अंतरावर डावी खूण दिसेनाशी होते. प्रत्येक विद्यार्थ्याने आपले अंतर मोजून फळ्यावर लिहावे. आकडे थोडे वेगळे का आले, याचा विचार करणे हाच शास्त्रीय दृष्टीचा आरंभ होय.