तलावाकाठची फरशी खचते तेव्हा

प्रश्न: कर्जतजवळ आमच्या घरामागे पोहण्याचा तलाव आहे. दोन पावसाळ्यांत काठाचे पेव्हर ब्लॉक तीन बोटं खचले. वरून सिमेंट ओतलं तर भागेल का?

उत्तर: कृपा करून ओतू नका. खाली पोकळी तशीच राहील आणि सिमेंटचा थर तडकेल. तलाव खणताना भोवती राहिलेला चर बहुधा एकाच दमात मातीने भरला जातो. ती माती पुढे पावसाच्या पाण्याने बसते.

आधी गळती तपासा. पाणी भरलेली बादली तलावाच्या पायरीवर ठेवा, आतबाहेरच्या पातळीवर खुणा करा, पंप बंद ठेवा. 24 तासांनी तलावाचं पाणी बादलीतल्यापेक्षा जास्त उतरलं असेल, तर आधी गळती शोधून बुजवा.

मग ब्लॉक उचला, भुसभुशीत माती काढा. चांगला मुरूम 15 सेंटिमीटरच्या थरांनी, किंचित ओलवून, प्लेट कॉम्पॅक्टरने ठोकत भरा. नळांपाशी हाताने धुमस करा. वर ठोकलेली खडी, त्यावर 3-4 सेंटिमीटर वाळू, मग तेच ब्लॉक. उतार तलावापासून बाहेर, मीटरला दोन सेंटिमीटर.

काम उन्हाळ्यात करा. आणि भर पावसात तलाव रिकामा करू नका, भूजलाच्या दाबाने अख्खी टाकी वर उचलली जाऊ शकते.