जहाज थांबत नाही: फ्रान्सच्या किनाऱ्यावरच्या एका दिवसाच्या खासगी सहलीतून शिकायचा धंद्याचा धडा



या आठवड्याच्या व्हिडिओत आपण सेवा व्यवसायातल्या वेळेच्या वचनाबद्दल बोललो. फळ्यावर मांडलेला हिशेब इथे पायरी-पायरीने देतो आहे, म्हणजे वही-पेन घेऊन सावकाश बसता येईल.

उदाहरण दक्षिण फ्रान्सचं आहे: क्रूझवरून उतरलेल्या पाहुण्यांना एका दिवसात किनारा दाखवणारा छोटा खासगी टूरवाला. तुम्ही ट्रॅव्हल व्यवसायात असाल तर हा धडा सरळ तुमचाच. आई-बाबांना घेऊन भूमध्य समुद्राच्या क्रूझवर जायचा बेत असेल तर ग्राहक म्हणून उपयोगी पडेल. आणि केटरिंग, छपाई, मंडप असं काही करत असाल, तर 'जहाज' या शब्दाच्या जागी 'मुहूर्त' घाला आणि वाचा. हिशेब तोच आहे.

१. आधी जागा समजून घ्या

नीस शहराच्या पूर्वेला, अगदी लागून, व्हिलफ्रांश-सुर-मेर नावाचं छोटं गाव आहे. गाव लहान, पण खाडी खोल. त्यामुळे मोठमोठी क्रूझ जहाजं इथे येतात. मात्र ती धक्क्याला लागत नाहीत. खाडीत नांगर टाकून उभी राहतात आणि प्रवाशांना छोट्या बोटींनी किनाऱ्यावर आणतात. या बोटींना टेंडर म्हणतात. हा शब्द लक्षात ठेवा, अर्ध्या अडचणी इथूनच सुरू होतात.

उतरल्यावर काय काय आवाक्यात आहे? पश्चिमेला नीस, त्याच्याही पुढे कान. पूर्वेला सुमारे सवाचारशे मीटर उंचीच्या कड्यावर बसलेलं एझ हे जुनं गाव आणि त्यापुढे मोनॅको. नीस आणि मोनॅकोच्या मध्ये डोंगराच्या अंगावर एकावर एक असे तीन रस्ते आहेत, खालचा, मधला आणि वरचा. वरचा रस्ता नेपोलियनच्या काळातला. खाली निळा समुद्र आणि वर पांढरा कडा, असा हा प्रवास. फोटो पाहूनच लोक बुकिंग करतात.

२. ग्राहकासमोर तीन पर्याय असतात

पहिला पर्याय जहाज कंपनीच्या बस सहलीचा. त्यात चाळीस-पन्नास माणसं, छत्री धरलेला गाइड आणि ठरलेले थांबे. पण त्यात एक मोठी गोष्ट मिळते. बसला उशीर झाला तर साधारणपणे जहाज थांबतं, नाहीतर पुढच्या बंदरापर्यंत पोहोचवण्याची जबाबदारी कंपनी घेते.

दुसरा पर्याय स्वतःचं स्वतः फिरण्याचा. व्हिलफ्रांशचं रेल्वे स्टेशन उतरण्याच्या जागेपासून चालत जाण्याइतकं जवळ आहे. तिथून लोकल गाडीने नीसही गाठता येतं, मोनॅकोही. सगळ्यात स्वस्त पडतं. पण एझचं जुनं गाव वर आणि स्टेशन खाली समुद्राजवळ. मधली पायवाट चांगलीच दमवणारी आहे. गुडघे दुखणाऱ्या माणसाचं ते काम नाही.

तिसरा पर्याय खासगी गाडी आणि ड्रायव्हर-गाइडचा. फ्रान्समध्ये अशा परवानाधारक गाडीत ड्रायव्हर सोडून जास्तीत जास्त आठ प्रवासी बसतात. थांबे तुमच्या मनाप्रमाणे, वेग तुमच्या घरच्या माणसांप्रमाणे. पण उशीर झाला तर जहाज तुमच्यासाठी थांबत नाही.

आता स्पर्धा नीट बघा. बसवाला 'खात्री' विकतो, रेल्वे 'स्वस्ताई' विकते. मग छोट्या टूरवाल्याने काय विकायचं? बहुतेक जण म्हणतात, 'आरामदायी गाडी आणि जास्त ठिकाणं.' इथेच गणित चुकतं. ग्राहकाच्या मनातला पहिला प्रश्न 'किती ठिकाणं?' हा नसतोच. 'माझं जहाज सुटलं तर?' हा असतो. सामान जहाजावर, औषधं जहाजावर, कधीकधी पासपोर्टसुद्धा जहाजाच्या कार्यालयात. पुढचं बंदर दुसऱ्या देशात असू शकतं आणि तिथवरचा खर्च स्वतःच्या खिशातून. सत्तरीतल्या आई-बाबांना सोबत घेऊन आलेला मुलगा ही भीती दिवसभर बरोबर घेऊन फिरतो. ती ज्याने आधी ओळखली, बुकिंग त्याचं.

३. दिवस उलटा मोजा

बहुतेक नवशिके दिवस सकाळपासून मोजतात. 'जहाज आठला येतं, सहाला सुटतं, म्हणजे दहा तास मिळाले!' नाही मिळाले. संध्याकाळपासून मागे या. समजा:

• जहाज सुटणार सहाला. पण सगळ्यांनी जहाजावर असायची वेळ साडेपाच.
• टेंडरसाठी परतीला रांग असते. म्हणून पाहुणे धक्क्यावर चारला सोडायचे.
• सकाळी जहाज आठला नांगर टाकतं, पण टेंडरमध्ये आधी जहाजाच्या स्वतःच्या सहलीवाल्यांना जागा मिळते. तुमचा पाहुणा सव्वानऊला हाती लागेल असं धरा.

सव्वानऊ ते चार म्हणजे पावणेसात तास. त्यातून जेवण सव्वा तास गेलं, साडेपाच उरले. रस्ता आणि पार्किंगला पावणेदोन तास धरा, पावणेचार उरले. राखीव वेळ पाऊण तास बाजूला काढा. हाती राहिले तीन तास.

दहा तासांचा दिवस, त्यातले प्रत्यक्ष बघायचे तास तीन. म्हणजे एझ एक तास, मोनॅको एक तास, नीस एक तास. झालं. कान यात बसत नाही, कारण ते बरोबर उलट्या दिशेला आहे. जाहिरातीत 'एका दिवसात सात ठिकाणं' लिहिणारा माणूस खरं तर गाडीच्या काचेतून दिसणारी सात ठिकाणं विकतो आहे.

आणि तो पाऊण तास? तो कुणालाही द्यायचा नाही. पाहुण्याने 'अजून एक दुकान' म्हटलं तरी नाही. हा तुमच्या नावाचा विमा आहे. रस्त्यात अपघात झाला, ट्रॅफिक तुंबलं, कुणाला बरं वाटेना, तर इथूनच खर्च होतो.

४. क्रम ठरवण्याआधी प्रश्न विचारा

तीन ठिकाणं ठरली. आता आधी कुठे जायचं?

मोनॅकोच्या राजवाड्यासमोर पहारेकरी बदलण्याचा छोटा समारंभ रोज 11 वाजून 55 मिनिटांनी होतो. नीसच्या जुन्या शहरात कूर सालेया नावाचा फुलांचा आणि भाजीपाल्याचा बाजार सकाळी भरतो, भाजीवाले दुपारी आवरायला लागतात. पहारा पाहायचा तर सकाळी पूर्वेला जावं लागतं, बाजार पाहायचा तर पश्चिमेला. दोन्ही नीट होत नाहीत. शिवाय सोमवारी या बाजाराच्या जागी जुन्यापुराण्या वस्तूंचा बाजार असतो. सोमवारच्या पाहुण्याला फुलांचं वचन दिलंत तर तक्रार ठरलेली.

म्हणून बुकिंगच्या वेळी चारच प्रश्न विचारायचे:

• जहाजाचं नाव आणि तारीख काय?
• गाडीत सगळ्यात वयस्क कोण, आणि पायऱ्या चढता येतात का?
• राजवाडा की बाजार, जास्त आवड कशाची?
• खाण्यात काय चालत नाही?

दुसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. एझच्या जुन्या गावात गाडी जात नाही. दगडी, चढत्या गल्ल्या आहेत. आजींना त्या झेपणार नसतील, तर पायथ्याजवळच्या अत्तराच्या कारखान्यात त्यांना बसवून बाकीच्यांना वर नेता येतं. पण हे आधी माहीत हवं. चढाच्या तोंडाशी कळलं तर अख्ख्या कुटुंबाचा मूड गेलाच समजा.

चौथा प्रश्न आपल्या लोकांसाठी. नीसमध्ये 'सोक्का' मिळतो. हरभऱ्याच्या डाळीचं पीठ, पाणी, ऑलिव्ह तेल आणि मीठ घालून मोठ्या तव्यावर भट्टीत भाजतात. म्हणजे आपल्या बेसनाच्या धिरड्याचा फ्रेंच भाऊच. शाकाहारी आजोबांना दुपारी एक वाजता तो हातात मिळाला, की पुढची दहा वर्षं ते तुमचं नाव सांगत फिरतील. त्याचा खर्च किती? जवळपास काहीच नाही.

५. दर माणशी नाही, गाडीला लावा

आकडे फक्त समजण्यापुरते घ्या. समजा गाडीचा दिवसाचा दर 800 युरो, आणि जहाजाची बस सहल माणशी 120 युरो.

• दोन माणसं: माणशी 400. खूप महाग.
• सहा माणसं: माणशी सुमारे 133. थोडं महाग.
• सात माणसं: माणशी सुमारे 114. बसपेक्षा स्वस्त.
• आठ माणसं: माणशी 100.

म्हणजे तुमचा खरा ग्राहक कोण? दोन भावांची कुटुंबं आणि आई-बाबा, किंवा मित्रांच्या चार जोड्या. जाहिरात त्यांच्यासाठी करा. नवरा-बायको दोघांनी विचारलं तर स्पष्ट सांगा, 'तुम्हाला रेल्वे परवडेल, किंवा अजून चार-सहा जण जोडून घ्या.' गिऱ्हाईक गेलं असं वाटेल, पण ते लोक जहाजावर दुसऱ्यांना तुमचं नाव सांगतील.

दरात काय धरलंय आणि काय नाही, हे लेखी द्या. जेवण, तिकिटं, पार्किंग. आणखी एक गोष्ट: फ्रान्समध्ये संग्रहालयात आणि ऐतिहासिक वास्तूत मार्गदर्शन करायला वेगळं व्यावसायिक ओळखपत्र लागतं. नुसता ड्रायव्हर गाडीत माहिती सांगेल, आत येऊन सांगणार नाही. हे आधी लिहिलंत तर तो नियम वाटतो, नंतर सांगितलंत तर फसवणूक वाटते.

६. जहाज आलंच नाही तर?

समुद्र खवळला, वारा सुटला, की टेंडर चालवता येत नाहीत. कप्तान बंदर गाळून पुढे जातो. यात चूक तुमची नाही आणि पाहुण्याचीही नाही. पण आगाऊ पैसे कुणाचे?

या धंद्यातले टिकलेले बरेच लोक म्हणतात: जहाज बंदरात आलं नाही तर एक पैसाही घेणार नाही. महाग वाटतं ना? पण हेच वाक्य बघून ग्राहक खासगी सहलीकडे वळतो. एखाद-दोन दिवसांचं नुकसान वर्षभराच्या दरात विभागून घ्यायचं असतं. मंडपवाले पावसाचा धोका धरतात, तसंच.

तुमच्या पहिल्या उत्तरात हे असं लिहा:

'नमस्कार. तुमच्या जहाजाची वेळ आम्ही पाहिली आहे. सगळ्यांनी जहाजावर परतायची वेळ साडेपाच आहे. आम्ही तुम्हाला चार वाजता धक्क्यावर सोडू. समुद्रामुळे जहाज आलं नाही तर पूर्ण पैसे परत. आईंसाठी चढाचा भाग टाळता येईल, तसा बेत सोबत जोडला आहे.'

गाडीच्या सीटचं वर्णन कुठेच नाही. सगळी उत्तरं भीतीची आहेत.

७. तुम्ही प्रवासी असाल तर

• घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा. जहाजाची वेळ आणि किनाऱ्यावरची वेळ वेगळी असू शकते.
• रोजच्या कार्यक्रमपत्रिकेवर बंदरातल्या एजंटाचा फोन नंबर असतो. उतरण्याआधी त्याचा फोटो काढा.
• पासपोर्टची प्रत आणि एका दिवसाची औषधं खिशात ठेवा.
• भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा लागतो. मोनॅकोसाठी वेगळा लागत नाही, पण जहाज मध्ये शेंगेनबाहेरच्या देशात जाणार असेल तर एकापेक्षा जास्त प्रवेशांचा व्हिसा हवा.
• मोनॅकोच्या मोटार शर्यतीच्या दिवसांत शहरातले रस्ते बंद असतात. त्या दिवसांत बेत बदला.

८. आपल्या किनाऱ्यावर

हंगामात परदेशी क्रूझ जहाजं मुंबईला आणि गोव्यात मुरगावला लागतात. उतरणाऱ्या पाहुण्याची भीती तीच असते. मुंबईत घारापुरीला नेणार असाल तर गेटवेवरून लाँचने जायलाच साधारण तास लागतो, आणि लेणी सोमवारी बंद. मुरगावहून जुनं गोवं, पणजीचं फोंतेन्यश आणि फोंड्याची मसाल्याची बाग हे सगळं एका दिवसात कोंबायचं की दोनच ठिकाणं निवांत दाखवायची? वरचा हिशेब मांडा, उत्तर आपोआप येईल.

या आठवड्याचा गृहपाठ

वहीत तीन ओळी लिहा. एक, माझ्या ग्राहकाचं 'जहाज' कोणतं, म्हणजे कोणती वेळ चुकली तर त्याचं सगळंच बिघडतं? दोन, त्या वेळेपासून उलटं मोजलं तर माझ्या हातात खरे किती तास उरतात? तीन, माझ्या पहिल्या उत्तरात ती वेळ लिहिलेली आहे का?

तिसऱ्या ओळीचं उत्तर 'नाही' असेल, तर आजच तुमचा ठरलेला मेसेज बदला. पुढच्या भागात आगाऊ रक्कम किती घ्यावी आणि कधी परत करावी, याचं गणित मांडू. तोपर्यंत वही भरून ठेवा.